पिक्चर आधी का पुस्तक आधी?

प्रश्न : 'शाळा' पिक्चर दोनदा बघितला, फार आवडला, मग कळलं की तो कादंबरीवर आहे. मला वाचायची फारशी सवय नाही. सिनेमा आलाय अशा अजून कादंबऱ्या सुचवाल का? आणि आधी वाचायचं का बघायचं?

उत्तर : पहिली तर 'शाळा'च वाचा, स्टोरी माहितीये म्हणून सोडू नका. पिक्चरमध्ये मुकुंद आपल्याला दिसतो पण मिलिंद बोकिलांच्या पुस्तकात तो स्वतः बोलतो, अख्खी कादंबरी त्या नववीतल्या पोराच्या भाषेत आहे, त्यामुळे त्याला आवडणारी शिरोडकर नुसती समोरून गेली तरी त्याच्या डोक्यात काय काय चालू होतं ते सगळं आपल्याला ऐकू येतं, आणि हे कॅमेऱ्याला कितीही चांगला असला तरी जमत नाही. वाचायची सवय नसलेल्यांना मी हेच पुस्तक देते, कारण भाषा कुठेच अडत नाही.

मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ही मात्र आधी वाचायची, माझा आग्रहच आहे. पुस्तक छोटंसं आहे, दोन-तीन दिवसांत होतं. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो तर शाळेत पोरंच नाहीत, कारण सगळी मेंढरांमागे गेलेली, आणि तिथून हळूहळू तो त्या वाडीचा कसा होतो आणि शेवटी दुष्काळात वाडी कशी रिकामी होते, एवढंच आहे. वाक्यं छोटी छोटी, पण माडगूळकर चित्रंही काढायचे ना, ते प्रत्येक पानावर जाणवतं, माळ, मेंढरं, माणसं सगळं समोर उभं राहतं. हे चित्र आधी आपलं आपल्या डोक्यात तयार होऊ दे, मग अमोल पालेकरांचा 1995 चा सिनेमा बघा.

'सिंहासन'चं नेमकं उलटं करा. जब्बार पटेलांचा 1979 चा पिक्चर आधी बघा, कारण तो अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या एकत्र करून केलाय, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि मंत्री, पुढारी, युनियनवाले अशी इतकी माणसं आहेत की नुसतं वाचताना नवा वाचक गोंधळतो. निळू फुलेंचा पत्रकार दिगू एकदा बघितला की मग पुस्तकात तो भेटला की लगेच ओळखीचा वाटतो. दोन्ही पुस्तकं वाचा, एकावर थांबू नका.

आनंद यादवांची 'नटरंग' आणि गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची, 'जैत रे जैत' या दोन्ही कशाही क्रमाने चालतील. 'जैत रे जैत'ची गाणी तुम्ही ऐकलेली असणारच, वाचताना ती आपोआप मनात सुरू होतात, होऊ द्या.

'शाळा' वाचून झाली की कळवा, शिरोडकर पुस्तकातली जास्त आवडली का पडद्यावरची, मला खरंच जाणून घ्यायचंय.