मुलं बरोबर असली की किराण्याचं बजेट का कोलमडतं?

प्रश्न: नमस्कार ताई. किराण्यासाठी आम्ही महिन्याची एक रक्कम ठरवलीये, ती मी बाजूला काढून ठेवते, यादीपण करते. पण मुलं बरोबर असली (मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४) की बिल दरवेळी वाढतंच. धाकटा दिसेल ते ट्रॉलीत टाकतो, नाही म्हटलं की भोकाड पसरतो, चार लोक वळून बघायला लागतात मग मी म्हणते घे बाबा एकदाचं. मोठी रडत नाही पण त्याला घेतलं मग मला का नाही हे सुरू होतं, आणि तिचंही बरोबरच आहे. घरी आल्यावर मिस्टर विचारतात यादी होती ना बरोबर? मुलांना घरी सांभाळायला कोणी नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रातलं 'घे बाबा एकदाचं' आहे ना, सगळं तिथेच अडकलंय. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर आणि कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दरवेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला तर प्राणी थोड्या वेळात नाद सोडतो, पण कधी मिळतो कधी नाही असं चाललेलं असेल तर बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ कळ दाबतच राहतो. म्हणजे पाच वेळा नाही म्हणून सहाव्यांदा हो म्हटलं की मूल एवढंच शिकतं की अजून थोडं रडायला हवं. त्यापेक्षा पहिल्या मिनिटाला हो म्हटलेलं परवडलं, खरंच सांगते.

आणि तुम्ही ठाम राहायला लागलात की सुरुवातीला रडणं वाढणार, हे आधीच मनाशी धरून चला. नेहमीचा उपाय चालेना म्हणून मूल जास्त जोर लावतं, आणि बहुतेक आई-बाबा नेमके तिथेच हार मानतात. त्या दिवसात मोठी खरेदी काढूच नका, थोड्याच वस्तू घ्यायला जा, म्हणजे फारच झालं तर ट्रॉली बाजूला लावून मुलाला घेऊन बाहेर येता येईल. लोक बघतात ते बघू देत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हेच घरी निस्तरलेलं असतं.

आता पैशाचं. मुलांच्या आवडीची वस्तू बजेटच्या बाहेरचा खर्च म्हणून धरू नका, आतच धरा. यादी करतानाच दोघांच्या नावाने एकेक ओळ लिहा, रक्कम ठरवा आणि घरातून निघायच्या आधी सांगून टाका, तुझी एक वस्तू, एवढ्यापर्यंत. दुकानात गेल्यावर त्यात बदल नाही, कमी पण नाही आणि जास्त पण नाही. मोठीचा प्रश्न यातच सुटतो कारण दोघांचं आधीच ठरलेलं असतं. चार वर्षांच्या मुलाला त्याची वस्तू आधी घेऊ द्या, त्याला शेवटपर्यंत थांबवलं की सगळा वेळ त्याच्याच मागे जातो. नऊ वर्षांच्या मुलीला शेवटी घेऊ दे, तिला ठरवायला वेळ लागतो आणि तो द्यायला हवा. ती दोन पाकिटं हातात धरून उभी राहील, दोन्ही मिळून रक्कम थोडीशी वर जात असेल, तुमच्याकडे बघेल. अशा वेळी वरचे पैसे घालायचा मोह फार होतो. घालू नका, गप्प उभं राहा. एक पाकीट तिने स्वतःच्या हाताने परत ठेवलं की पुढच्या वेळी ती घरातूनच ठरवून निघेल.

'बघू' आणि 'पुढच्या वेळी' हे शब्द दुकानात वापरूच नका, मुलाला ते हो असेच ऐकू येतात. 'आज यादीत नाही' एवढं पुरे. आणि पैसे असताना पैसे नाहीत असं सांगू नका, पुढच्याच काउंटरला तुम्ही पाकीट उघडलेलं त्याला दिसतं. पण खरंच ओढाताण असेल तर तेही शांतपणे सांगा, या महिन्यात एवढेच आहेत, त्यात लाज कसली.

मुलांचे हात रिकामे ठेवू नका. धाकट्यासाठी चित्रांची यादी काढा, त्याला तीन-चार वस्तू शोधायला द्या. मुलांना हव्याशा वाटणाऱ्या वस्तू बऱ्याचदा त्यांच्या नजरेच्या उंचीवरच मांडलेल्या असतात, त्यामुळे अशा रांगेत ट्रॉली मधोमध धरा, हात पोचायला नको, एकदा वस्तू हातात आली की ती आपली वाटायला लागते आणि मग काढून घेणं महाकठीण. मोठीकडे कॅल्क्युलेटर द्या, ठरलेल्या रकमेतून प्रत्येक वस्तूची किंमत वजा करत जायची. तिला १०० ग्रॅमला किती पडतं हेही शिकवा. मोठं पाकीट दुप्पट किमतीचं आणि वजन मात्र दीडपटच, असं एकदा तिला स्वतःला सापडलं ना की बघा ती कशी सगळी लेबलं वाचत सुटते. आणि हो, भुकेल्या, झोपेला आलेल्या मुलाला घेऊन जाऊ नका, तुम्हीही उपाशी जाऊ नका.

एक काम मात्र आजच करा. मागची बिलं काढा, यादीबाहेरच्या वस्तूंवर खूण करा, मुलांच्या वेगळ्या आणि ऑफर बघून तुम्ही मोठ्यांनी उचललेल्या वेगळ्या. सगळी वाढ मुलांच्याच नावावर निघेल असं मला वाटत नाही. तो कागद मिस्टरांपुढे ठेवा, आणि पुढच्या खरेदीला त्यांनाही बरोबर न्या.

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची आहे. यादी आणि पैसे देऊन तिला एकटीला पाठवतो, उरतील ते तुझे असं सांगितलंय. आता ती सगळ्यात स्वस्त असेल तेच उचलून आणते, निम्मं वाया जातं. बंद करू का?

उत्तर: अजिबात बंद करू नका हो! नियम तुम्ही केला आणि ती तो नीट पाळतेय. यादीत नुसतं नाव न लिहिता वजन आणि चालतील असे दोन ब्रँड लिहा, त्या दोघांतून निवड तिची. एक्स्पायरी बघूनच घ्यायचं. वाचलेल्या पैशातले अर्धे तिचे आणि तेही आठवड्याने द्या, तोपर्यंत काय वापरलं गेलं आणि काय फेकावं लागलं ते कळतं, फेकलेल्याची किंमत तिच्या वाट्यातून वजा करा. हे सगळं तिच्यासमोर बसून ठरवा, आणि आत्तापर्यंत वाचवलेले पैसे मात्र परत मागू नका.