जुन्या कोळसा खाणीवरचा प्लॉट: सिस्मिक सर्व्हेने खालची पोकळी कळते का?

कधी कळते, कधी नाही. तुमचा प्लॉट चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसजवळ आहे, खाली पूर्वी भूमिगत खाण होती म्हणतात, आणि सर्व्हेवाला चाळीस फुटांपर्यंतचा 'खात्रीचा रिपोर्ट' देतो म्हणतोय. मला तो 'खात्रीचा' शब्द खटकला. तुमची काळजी मात्र रास्त आहे. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्याच आमराई वार्डात अख्खं घर जमिनीत गेलं होतं.

असले सर्व्हे मी बरेच केलेत. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून घण मारायचा. ओळीत खोचलेले 24 जिओफोन थरथर टिपतात. गंमत अशी की लाट पोकळीला वळसा घालून पुढे निघून जाते. रिफ्रॅक्शन पद्धतीत सगळ्यात आधी पोचलेल्या लाटेचीच वेळ मोजतात, म्हणून तिथे गॅलरीचा, म्हणजे खाणीतल्या बोगद्याचा, मागमूस लागणं अवघड. जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या पृष्ठलाटांची पद्धत त्यापेक्षा बरी. पण 200 मीटर प्रति सेकंद वेगाची लाट 10 हर्ट्झला 20 मीटर लांब होते, आणि जुनी गॅलरी जेमतेम चार-पाच मीटर रुंद. खोल बघायला लांब लाट लागते, लांब लाटेला बारीक गोष्ट दिसत नाही. त्यात आपली काळी माती आखूड लाटा वरच्या वर गिळते. आठ मीटर खोलीवरची गॅलरी सापडेल कदाचित. तीस मीटर खोलीवरची घणाच्या जोरावर नाहीच.

एकदा सर्व्हेच्या चित्रात मंद वेगाचा, म्हणजे लाट जिथे हळू पडते असा, झकास गोल डाग मिळाला; पोकळीच वाटली. कोळशाच्या ट्रकांची धडधड नको म्हणून रात्री दोनला केलेलं काम, सगळे खूश. बोअर मारलं तर मऊ चिकणमाती!

म्हणून आधी खाणीचा नकाशा शोधा. बंद खाणींचे नकाशे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयात जमा करावे लागतात. जुना नकाशा काही मीटर इकडे-तिकडे असू शकतो, तरी दिशा मिळते. मग सिस्मिकच्या जोडीला विद्युत रोधकतेची (जमीन विजेला किती अडवते त्याची) चाचणी घ्या: पाणी भरलेली गॅलरी कमी रोध दाखवते, कोरडी जास्त. दोन्हींत एकाच जागी डाग आला, तर तिथे बोअर. रॉड अचानक खाली गेला किंवा वरून सोडलेलं पाणी परत आलंच नाही, तर पोकळी असण्याची दाट शक्यता.

सर्व्हेवाल्याला एवढंच विचारा: डाग दिसला तर बोअर कोण मारणार, आणि त्याचे पैसे याच रकमेत धरलेत का?