वाचकांचे प्रश्न : प्रतिपिंडे भरपूर, तरीही आजार गंभीर का?

प्रश्न : माझे यजमान सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या चादरींच्या कारखान्यात काम करतात. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना कोरोना होऊन बरेच दिवस ऑक्सिजनवर ठेवावे लागले. त्याच आठवड्यात धाकट्या दिराला नुसता ताप येऊन गेला. पुढे दोघांच्या अँटिबॉडी तपासल्या, तर यजमानांचा आकडा दिरापेक्षा कितीतरी पट जास्त निघाला. ज्यांची प्रतिकारशक्ती अधिक, तेच अधिक आजारी कसे पडले? त्या वेळी त्यांचा प्लाझ्माही मागितला गेला होता. त्याचा कोणाला उपयोग झाला असता काय? आणि आता पुन्हा तपासणी करावी काय? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : आपल्या घरात जे दिसले, तेच जगभरच्या रुग्णालयांत दिसले आहे. गंभीर रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) प्रमाण सौम्य रुग्णांपेक्षा सामान्यतः जास्तच आढळते, कारण त्यांच्या शरीरात विषाणूची प्रथिने मोठ्या प्रमाणात आणि अधिक काळ राहतात आणि त्यांना प्रतिसाद म्हणून बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) प्रतिपिंडे तयार करत राहतात. म्हणजे हा आकडा बऱ्याच अंशी आजाराच्या व्याप्तीचा परिणाम आहे. त्यावरून आजार आवरण्याची क्षमता ठरवता येत नाही.

खरा फरक पडतो तो वेळेचा. विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखणारी प्रतिपिंडे लक्षणे सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत तयार झालेले रुग्ण बरे होण्याकडे झुकतात, तर त्यानंतर तयार झालेल्या प्रतिपिंडांचा तसा लाभ दिसत नाही, असे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. तोवर फुफ्फुसांची हानी विषाणूइतकीच शरीराच्या स्वतःच्या दाहामुळेही (प्रतिकारक्रियेतून येणाऱ्या सुजेमुळेही) होत असते. म्हणूनच तर प्रतिकारक्रिया दाबणारे डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध ऑक्सिजनवरील रुग्णांचे प्राण वाचवू शकले.

शिवाय सगळी प्रतिपिंडे सारखी नसतात. काही गंभीर रुग्णांच्या प्रतिपिंडांच्या शेपटाकडील शर्करासाखळीत फ्युकोज ही साखर कमी आढळली. अशी प्रतिपिंडे भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींना जास्त चेतवतात आणि दाह वाढवतात. त्याहून धक्कादायक निष्कर्ष २०२० मध्ये आला. जिवावर बेतलेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला, म्हणजे विषाणूविरुद्धच्या अगदी पहिल्या संरक्षक प्रथिनाला, निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली आणि त्या १०१ जणांत ९५ पुरुष होते. नेहमीच्या अँटिबॉडी तपासणीत ही दिसत नाहीत. आपल्या यजमानांच्या बाबतीत यांपैकी नेमके काय घडले, हे जुन्या अहवालावरून सांगता येणार नाही. वय, मधुमेह, रक्तदाब यांचाही वाटा असू शकतो.

प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे असलेल्या द्रवभागाची, मागणी त्या काळात सर्वत्र होती आणि नातेवाइकांची धडपड समजण्यासारखी होती. मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्मा दिल्याने आजार गंभीर होणे किंवा मृत्यू टळला नाही, आणि मे २०२१ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून तो वगळण्यात आला. याउलट, प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांच्या ब्रिटनमधील चाचणीत, ज्या दाखल रुग्णांच्या शरीरात स्वतःची प्रतिपिंडे तयार झालेली नव्हती, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. ज्यांच्याकडे ती आधीच होती, त्यांना फायदा झाला नाही. प्रतिपिंडे किती आहेत यापेक्षा ती वेळेवर मिळाली का, या फरकातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पुन्हा तपासणी करण्यात पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या तपासण्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, लशीमुळेही ते वाढतात, आणि काळानुसार आकडा उतरला तरी विषाणूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी व बाधित पेशींवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी मागे राहतात. त्यापेक्षा यजमानांना अजून जिना चढताना धाप लागत असेल, तर छातीच्या डॉक्टरांकडून फुफ्फुसांची क्षमता तपासून घ्यावी, आणि मधुमेह असल्यास रक्तातील साखर नियमित पाहावी.