संस्कृत, पाली की प्राकृत? आधी काय वाचायचंय ते ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इतिहास घेऊन बी.ए. झालंय, प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. करायचंय, दहावीला संस्कृत होतं पण आता काही आठवत नाही. तर भाषा शिकायलाच हवी का, हवी तर कोणती, ग्रीकही शिकावी का, आणि (हा घरच्यांचा) नोकरीचं काय? मी आधी संस्कृत आणि मग प्राचीन इतिहास असं दोन्ही केलंय, पुढे शिकवलंही आहे. वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करते.

भाषा हवीच. तिच्यावाचून एम.ए. होता येत नाही असं नाही, पुष्कळ जण होतात आणि चांगल्या गुणांनी होतात. मौर्यांचं प्रशासन, सातवाहनकालीन व्यापार, गुप्तांचं सुवर्णयुग खरंच सुवर्ण होतं का, यावर पेपर लिहायला भाषांतरं पुरतात. अडतं ते नंतर, स्वतःचं काही म्हणायची वेळ येते तेव्हा.

नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख घे. लेण्याच्या भिंतींवर कोरलेला हा लेख जागोजाग फुटलेला आहे. असा लेख प्रसिद्ध करताना अभ्यासक शंकास्पद अक्षरं कंसात टाकतात, पार गेलेल्या अक्षरांच्या जागी ठिपके देतात. भाषांतरात यातले बरेच कंस गळतात आणि पाठ्यपुस्तकात पोहोचेपर्यंत एकही उरत नाही. मग कुणीतरी अंदाजाने भरलेलं अक्षर नागनिकेचं म्हणून तुझ्या माझ्या टिपणवहीत येतं. दगड कुठे संपतो आणि तो वाचून छापणारे ब्यूलर किंवा मिराशी कुठून सुरू होतात, हे मूळ पाठ समोर घेऊन वाचणाऱ्यालाच कळतं. लेखाच्या काळाचंही तेच. कुणी इ.स.पू. दुसऱ्या शतकात नेतं, कुणी पहिल्या, आणि हा वाद बराचसा अक्षरांच्या वळणावर चाललेला आहे. लिपी येत नसेल तर त्यात आपण फक्त मोठं नाव बघून बाजू घेतो.

याला एक अपवाद आहे. तुला अक्षरांपेक्षा माती, खापरं, हाडं, दाणे यांत रस असेल तर सरळ पुरातत्त्वाकडे जा. इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं, ताम्रपाषाणयुगातलं अख्खं गाव उलगडलं. तिथे लेख नाहीच. तिथे संस्कृत काय कामाची? पण तू प्रश्नात लेण्यांबद्दल इतकं लिहिलंयस की तू त्या वाटेचा दिसत नाहीस.

आता कोणती भाषा. इथे बहुतेक जण डोळे झाकून 'संस्कृत' म्हणतील. माझं म्हणणं, आधी प्रदेश आणि काळ ठरव, भाषा त्यावरून ठरते. महाराष्ट्रातले सुरुवातीच्या शतकांतले लेख बहुतांश प्राकृत आहेत. गंमत बघ, अश्वमेध आणि राजसूय यज्ञांचा उल्लेख करणारा नाणेघाटचा लेख प्राकृतात आहे. उलट नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, म्हणजे बाहेरून आलेल्या शकांपैकी, नाशिकच्या लेण्यात संस्कृताकडे झुकलेला मजकूर कोरवतो. आणि इ.स. 150च्या सुमाराला जुनागढला मोठा प्रशस्तिलेख चांगल्या संस्कृतात कोरवून घेणारा रुद्रदामनही शकच. वैदिक धर्म म्हणजे संस्कृत आणि बौद्ध लेणं म्हणजे पाली, अशी सोपी वाटणी डोक्यात घेऊन आलास तर पहिल्याच वर्षी गोंधळ होईल. लेण्यांतली प्राकृत ही त्रिपिटकातली पाली नाही आणि हाल राजाच्या गाथासप्तशतीतली महाराष्ट्री प्राकृतही नाही. तिच्यात जोडाक्षरं बहुधा लिहीतच नाहीत, 'पुत्त'ऐवजी 'पुत' एवढंच कोरतात, ऱ्हस्वदीर्घाचाही नेम नाही. पुस्तकी प्राकृत शिकलेला माणूससुद्धा सुरुवातीला अडखळतो.

तुझं गाव नाशिक, म्हणून तिथलंच सांगते. पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातल्या 13व्या दिवशीचा. त्यात ती गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन लांबच लांब समासांत करते, आणि त्यातला एक समास म्हणजे 'खखरातवसनिरवसेसकर', क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा. आईने मुलाचं कौतुक केलंय, त्यात किती खरं धरायचं? तर 1906 साली नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त नाणी. नहपानाची. आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. लेख आणि नाणं एकमेकांशेजारी ठेवल्यावर ते कौतुक राजकीय घटना म्हणून उभं राहतं. प्राचीन इतिहास शिकण्यातली खरी मजा ही आहे, पण समास सोडवता आला तर.

उषवदाताचा दुसरा एक लेख तर जवळजवळ बँकेचा कागद आहे. त्याने भिक्खूंसाठी 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवले. 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि 1000 दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याजातून भिक्खूंची चीवरं (वस्त्रं) आणि इतर खर्च भागवायचा. सातवाहनकाळात व्यापारी श्रेणी होत्या हे वाक्य तू बी.ए.ला पाठ केलं असशील. हा लेख स्वतः ओळीने वाच, मग विचारशील की दोन श्रेण्यांचे दर वेगळे का. हा प्रश्न भाषांतर वाचून कुणाला पडतच नाही असं नाही, पण मूळ वाचताना टाळता येत नाही.

विदर्भात काम करायचं असेल तर मात्र संस्कृत. तिथेही सुरुवातीचा वाशीम ताम्रपट अर्धा संस्कृत, अर्धा प्राकृत आहे, पुढे वाकाटकांचे ताम्रपट संस्कृतात येतात, पेटिकाशीर्षक, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर चौकोनी पेटी असलेल्या, ब्राह्मीत. प्रभावतीगुप्तेचा पुणे ताम्रपट जरूर वाच. नवरा वाकाटक, मुलगा लहान, कारभार हिच्या हाती, आणि ताम्रपटात वंशावळ देते ती माहेरच्या गुप्तांची. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी ना ती.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा पट्टा आणि चालुक्य-राष्ट्रकूट काळ निवडलास तर जुनी कन्नड लागेल. हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. त्या भागात कन्नड लेख ढिगाने आहेत आणि ते वाचू शकणारी मराठी मुलं हाताच्या बोटांवर मोजावीत. कुणाला खरोखर मोकळं शेत हवं असेल तर मी तिकडे बोट दाखवीन.

तुझ्यासाठी माझा क्रम असा: आधी वर्षभर संस्कृत, मग प्राकृत, पाली सोबत चालेल. प्राकृताची व्याकरणं संस्कृत धरूनच नियम सांगतात, आणि अर्थ लावायला छापील आवृत्तीत संस्कृत छाया (शब्दाला शब्द रूपांतर) दिलेली असते. संस्कृत नसेल तर छाया असून नसल्यासारखी. बौद्ध ग्रंथच वाचायचे असतील तर थेट पालीपासून सुरुवात करायला हरकत नाही. द्विवचन नाही, रूपं कमी, आणि सुत्तांत तीच वाक्यं इतक्यांदा येतात की वाचनाचा वेग लवकर येतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सगळं त्रिपिटक देवनागरीत छापलंय, तेव्हा लिपीचीही अडचण नाही.

दहावीच्या संस्कृताबद्दल मन दुखावेल असं लिहिते. संपूर्ण असो वा संयुक्त, आपल्याकडे ते गुणांसाठी घेतात. शंभरात पंच्याण्णव पडलेल्या मुलांना अनोळखी श्लोकाचा अन्वय लावता येत नाही, हे मी वर्गात दरवर्षी पाहत होते. पुन्हा पहिल्यापासून कर. शब्द चालव, धातू चालव, संधी सोडव, आणि रोज दहा ओळी गद्य मोठ्याने वाच. पाठांतराला नाकं मुरडणारी आधुनिक मंडळी भेटतील. त्यांना नमस्कार करून रूपं पाठ कर. लेखातलं अक्षर पुसट असतं तेव्हा तिथे कोणती विभक्ती बसू शकते हे तोंडात असावं लागतं, कोश उघडून ते सापडत नाही.

ब्राह्मी लिपी मात्र पटकन येते, शनिवार-रविवारच्या कार्यशाळांतून खूप जण शिकतात. मला त्यांचं कौतुक आहे. पण ब्राह्मीत स्वतःचं नाव लिहिणं आणि लेख वाचणं यात बरंच अंतर आहे, आणि प्रमाणपत्र घेऊन फोटो टाकणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या अंतराच्या अलीकडेच राहतात.

कुठे शिकायचं? पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व आणि एआयएचसी (प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृती), विद्यापीठात संस्कृत-प्राकृत विभाग आणि पाली विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात इंडॉलॉजी. मुंबई विद्यापीठात संस्कृत आणि पाली, नागपूरला प्राचीन इतिहास विभाग, रामटेकला संस्कृत विद्यापीठ. भांडारकर संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. तू एआयएचसीला प्रवेश घे आणि भाषेचा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम बरोबरीने कर. थेट संस्कृतात एम.ए. केलंस तर आज तुला झेपणार नाही. पुणे निवडायचं माझं कारण ग्रंथालयं आणि माणसं हे आहे. डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश 1948 साली सुरू झाला, पहिला खंड 1976ला आला, आणि खंडांवर खंड निघूनही अजून 'अ' चालू आहे. एका नोंदीमागे किती उतारे तपासतात ते एकदा जाऊन बघ, त्यातून पुरावा कसा मोजायचा ते कळतं. भांडारकरमध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 इतकी वर्षं चालली, त्यामागे 1259 हस्तलिखितं. पाठभेद म्हणजे काय हे त्याच्या तळटिपा बघून जितकं समजतं तितकं कुठल्याच व्याख्यानातून नाही.

ग्रीकबद्दल. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावं आहेत म्हणून तू विचारलंयस. ते यवन धेनुकाकटचे, आणि त्यांनी लेख प्राकृतातच कोरवलेत, सिहधयसारखी नावंही इथलीच घेतलीत. कार्ल्याला तुला एकही ग्रीक अक्षर दिसणार नाही. ग्रीक लागते ती पेरिप्लससाठी, म्हणजे तांबड्या समुद्रातून इकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेसाठी. त्यात पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तगर म्हणजे तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर, आणि कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात, हे सगळं आहे. पण ग्रंथ लहान आहे, भाषांतरं चांगली आहेत, आणि आपल्याकडे ग्रीक शिकायची सोय मुख्यतः ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थांत, तीही बायबल डोळ्यांसमोर ठेवून. ते कष्ट जर्मनवर घाल. भारतविद्येतलं खूप महत्त्वाचं लेखन जर्मनमध्ये आहे, बाहेर पीएच.डी.ला जायचं ठरलं तर तिची गरज पडेलच, आणि पुण्यात शिकवण्या मुबलक.

नोकरी. घरच्यांना खोटं सांगू नकोस. महाविद्यालयात कायम जागा फार थोड्या निघतात. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेली, दोन गावांच्या महाविद्यालयांत बसने ये-जा करणारी माझ्या ओळखीची माणसं आहेत, आणि मानधन सहा-सहा महिने थकतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, पण जाहिराती कधी येतील याचा भरवसा नाही. स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर लक्षात ठेव, यूपीएससीने पाली हा वैकल्पिक विषय 2013 साली काढला, संस्कृत वाङ्मय अजून आहे. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला. त्यातून पदं किती येतात ते बघू. मी तरी त्या बातमीवर घर बांधणार नाही.

पोट भरायचा खात्रीचा मार्ग विचारशील तर संस्कृत अधिक बी.एड. शाळांना संस्कृतचे शिक्षक लागतात, आठवी ते दहावीच्या शिकवण्या तर गल्लोगल्ली चालतात. माझ्या बरोबरीच्या कित्येकांनी त्यावर घर चालवून संशोधन केलंय. नुसत्या प्राचीन इतिहासाच्या एम.ए.ला ही सोय नाही. वडिलांशी बोलताना ही बाजू आधी मांड, ती त्यांना पटेल.

प्रवेशाला अजून वेळ आहे तोवर आजपासूनच रूपं चालू कर. कुठल्याही जुन्या शालेय पुस्तकावरून चालेल. आणि बलश्रीच्या लेखाचा छापील पाठ मिळवून एकदा लेण्यात जाऊन मूळ अक्षरांशी ताडून बघ. पहिली ओळ जमली की इथे लिही, पुढच्या ओळीतले समास आपण मिळून सोडवू.