कालची गुणी, आजची बुजरी

“घरात दिवसभर तोंडाची टकळी चालू असते, पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. आमचे नेमके काय चुकले?” समुपदेशनासाठी येणारे पालक हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की, वाक्य पूर्ण होण्याआधीच त्याचा शेवट मला ठाऊक असतो. कोणी मुलाला लाजाळू म्हणतो, कोणी घुमे, कोणी एककल्ली. या प्रश्नाच्या पोटात खरे तर दोन प्रश्न असतात. हे मूल पुढील आयुष्यात मागे पडेल का, हा एक, आणि हे कोणामुळे झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी शोधता येते. दुसरा मात्र घरातल्या माणसांना एकमेकांसमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि बहुतेक वेळ तोच खातो. अशा एका कुटुंबाचा अनुभव येथे मांडत आहे. त्यांची ओळख पटू नये यासाठी आवश्यक ते तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची होती. बरोबर आई, वडील आणि वडिलांचे वडील असे तिघे आले होते. निमित्त होते शाळेच्या प्रगतिपुस्तकातील एका वाक्याचे: ‘वर्गातील सहभाग कमी आहे, आत्मविश्वास वाढवण्याची गरज आहे.’ ते वाक्य वाचल्यापासून वडील रोज रात्री तिला एकच प्रश्न विचारत होते, “आज किती वेळा हात वर केलास?” उत्तर बहुधा ‘एकदाही नाही’ असे येई, आणि जेवण गप्पपणे उरके. आजोबांना हा सगळा प्रकार अनाकलनीय वाटत होता. त्यांच्या मते मुलगी शहाणी होती, मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलत नव्हती, यात डॉक्टरकडे नेण्यासारखे काय होते? मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगून काही उपयोग झाला नाही.

त्या पहिल्या भेटीत चूक माझ्याकडूनही झाली. मी मुलीला थेट विचारले, “तुला वर्गात बोलायला का आवडत नाही?” तिने नजर स्वतःच्या बुटांवर खिळवली आणि तिच्या वतीने आईने सविस्तर उत्तर दिले. ‘का’ हा शब्द मोठ्यांनाही जड जातो. पहिल्या दहा मिनिटांत तो एका मुलासमोर टाकू नये, एवढे तरी मला कळायला हवे होते. मात्र त्या चुकीमुळे या घरातील संभाषण कसे चालते, ते मला पाहता आले.

स्वभाव, संस्कार वगैरे गोष्टींकडे वळण्याआधी काही शक्यता तपासणे भाग असते. मुलाला नीट ऐकू येते का, उच्चारात किंवा भाषेत अडचण आहे का, वर्गात कोणी चिडवते वा छळते का, हे पाहावे लागते. त्याशिवाय निवडक मूकता नावाचा एक चिंताविकार आहे. त्यात मूल घरी मोकळेपणाने बोलते, परंतु जेथे बोलणे अपेक्षित आहे अशा ठिकाणी, विशेषतः शाळेत, त्याला शब्दच फुटत नाही. शाळेचा पहिला महिना वगळून ही स्थिती महिनाभराहून अधिक टिकली आणि तिच्यामुळे अभ्यास किंवा माणसांशी असलेले नाते अडू लागले, तर तो हट्ट किंवा आगाऊपणा समजू नये, आणि ‘मोठेपणी सुटेल’ म्हणून वाटही पाहू नये. अशा मुलाला चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे नेणेच योग्य. या मुलीच्या बाबतीत शिक्षिकेशी बोलल्यावर चित्र वेगळे दिसले. विचारले तर ती हळू आवाजात, पण बरोबर उत्तर देई. तिला दोन मैत्रिणी होत्या, मधल्या सुट्टीत ती त्यांच्याशी हसे आणि भांडेही. सकाळी पोट दुखणे किंवा शाळेत जाण्यास नकार देणे, असे काहीही नव्हते. ती स्वतःहून हात वर करत नव्हती, इतकेच.

मग उरतो तो स्वभाव. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे १३३ मुलांचा जन्मापासूनचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यांतील सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांत आणि नव्या जागेत आधी मागे सरत आणि वेळ मिळाला की हळूहळू रुळत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी पुढे दाखवले की चार महिन्यांच्या बाळांपैकी साधारण पाचांतील एक बाळ अनोळखी आवाज, वास किंवा हलती खेळणी समोर आली की जोरात हातपाय झाडते आणि रडते, आणि अशी बाळे पुढे अनोळखी प्रसंगी अधिक सावध राहण्याचा संभव जास्त असतो. त्या वयाच्या बाळावर अजून कोणी ‘संस्कार’ केलेले नसतात. हे मी सांगितले तेव्हा आईच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला. गरोदरपणी आपण फार चिंता करत होतो म्हणून मुलगी अशी झाली, असे तिने मनाशी ठरवूनच टाकले होते.

थॉमस आणि चेस यांचा याहून मोलाचा मुद्दा मात्र पुढचा आहे. एखादा स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मूल ज्या माणसांत वाढते त्यांच्या अपेक्षांशी आणि रीतीशी त्याचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते मला खऱ्या अर्थाने समजावले त्या मुलीने.

दुसऱ्या भेटीत ती एकटी होती. मी प्रश्न विचारले नाहीत. आम्ही दोघी चित्र काढत बसलो, आणि वीसेक मिनिटांनी रंगवता रंगवता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “आधी मी चांगली होते.”

“आधी म्हणजे कधी?”

“लहान होते तेव्हा. तेव्हा सगळे म्हणायचे, किती शांत मुलगी आहे, अजिबात त्रास देत नाही. आता तसेच असले की बाबांना राग येतो.”

नऊ वर्षांच्या मुलीने घरातला पेच दोन वाक्यांत मांडला होता. तिच्यात काहीही बदलले नव्हते. पाहणाऱ्यांचे डोळे बदलले होते, आणि तो बदल तिला कोणी समजावून सांगितला नव्हता. ज्या गुणासाठी सहा-सात वर्षे कौतुक झाले, तोच एका प्रगतिपुस्तकानंतर दोष ठरला, तेव्हा मूल स्वाभाविकपणे असा निष्कर्ष काढते की आपणच कोठेतरी बिघडलो आहोत.

समाज बदलतो तसा एकाच स्वभावाचा भावही कसा बदलतो, याचे एक उदाहरण मी अनेक पालकांना सांगते. मानसशास्त्रज्ञ शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधील शाळकरी मुलांची १९९०, १९९८ आणि २००२ अशी तीन वेळा पाहणी केली. १९९० मध्ये लाजरी, सावध मुले वर्गमित्रांना आवडत, पुढारपणासाठी निवडली जात आणि अभ्यासातही चांगली असत. १९९८ मध्ये चित्र संमिश्र झाले. २००२ मध्ये तशाच मुलांना सवंगडी टाळू लागले होते आणि त्यांच्यात उदासीही अधिक आढळली. बारा वर्षांत मुलांची जनुके बदलत नाहीत. बदलली होती ती त्यांच्याभोवतीची अर्थव्यवस्था, आणि तिच्याबरोबर पुढाकार, स्पर्धा व आत्मप्रदर्शन यांना आलेली किंमत. मुलग्याचा लाजरेपणा आणि मुलीचा लाजरेपणा यांनाही समाज एकच माप लावत नाही. अमेरिकेत १९२०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या लाजऱ्या मुलग्यांना नोकरीत स्थिर व्हायला इतरांपेक्षा उशीर लागला. स्वीडनमध्ये १९५०च्या दशकात जन्मलेल्या लाजऱ्या मुलग्यांच्या नोकरीवर असा परिणाम दिसला नाही, परंतु तेथील लाजऱ्या मुली शिक्षणात मागे राहिल्या. मला स्वतःला या शेवटच्या तपशिलाचे महत्त्व फार वाटते. मुलीचा गप्पपणा सगळ्यांना सोयीचा असतो, म्हणून तिला मदतीची गरज आहे का, हे विचारायलाच उशीर होतो.

शांघायच्या त्या पाहणीतले पहिले आणि शेवटचे साल या घरात एकाच छपराखाली राहत होते. आजोबा ज्या जगात वाढले तेथे लहानांनी ऐकावे आणि विचारल्यावर बोलावे, यात सभ्यता होती आणि एक प्रकारची सुरक्षितताही होती. वडिलांचे जग वेगळे. तिसऱ्या भेटीत मी त्यांना विचारले की हात वर करण्याची मोजदाद त्यांना इतकी महत्त्वाची का वाटते. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की कामाच्या ठिकाणी त्यांच्यापेक्षा कमी जाणणाऱ्या एका सहकाऱ्याला त्यांच्याआधी बढती मिळाली, कारण तो बैठकीत बोलत असे आणि हे बोलत नसत. “माझे झाले ते झाले, तिचे तसे व्हायला नको.”

मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मानवी विकासाची जी मांडणी केली, तीत मुलाभोवती एकात एक बसलेली वर्तुळे कल्पिली आहेत: आत घर आणि शाळा, त्यांचे परस्परांतील संबंध, त्यापलीकडे मूल जेथे कधी पाऊलही ठेवत नाही अशा जागा, आणि सर्वांत बाहेर संस्कृती. आई-वडिलांचे कामाचे ठिकाण हे त्या न पाहिलेल्या जागांचे नेहमीचे उदाहरण आहे. या मुलीने वडिलांचे कार्यालय कधी पाहिले नव्हते, तरी तेथील एका बैठकीचा निकाल रोज रात्री तिच्या ताटाशी येऊन बसत होता. हे मी वडिलांना जवळजवळ याच शब्दांत सांगितले. त्यांना ते आवडले नाही, पण त्यांनी नाकारलेही नाही.

आईचा प्रश्न नाजूक होता. मुलगी अडखळली की ती तिच्यासाठी बोलत असे, आणि कोणी भेटले की आधीच सांगून टाकत असे, “लाजाळू आहे हो ती.” दोन्ही मायेपोटीच. केगन यांच्या गटाच्या निरीक्षणांतही असे दिसले होते की स्वभावतः सावध असलेल्या ज्या बाळांच्या माता प्रत्येक कुरकुरीवर धावून गेल्या नाहीत, त्यांच्यातील भीती तुलनेने कमी झाली. मात्र याचा अर्थ आईने मुलीला लाजाळू केले, असा होत नाही. गप्प राहणारे मूलच आईला पुढे व्हायला भाग पाडते, आई पुढे झाली की मुलाला बोलण्याची गरज उरत नाही, आणि हे चाक दोघी मिळून फिरवत राहतात. ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न मी तेथेच बाजूला ठेवायला सांगितला, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे काही अवलंबून नव्हते.

आम्ही केले ते फार थोडे. रात्रीचा प्रश्न बंद झाला. कोणी मुलीला काही विचारले तर आईने मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि तोवर बोलायचे नाही, असे ठरले. ‘लाजाळू’ हा शब्द वगळून, तिला रुळायला थोडा वेळ लागतो, असे म्हणायचे, तेही खरोखर सांगण्याची गरज असेल तेव्हाच. शिक्षिकेने एक साधी युक्ती स्वतःच सुचवली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचा एक प्रश्न ती मुलीला आदल्या दिवशी सांगून ठेवू लागली, आणि गटकार्यात तिला आधी एका मैत्रिणीबरोबर, मग चौघींत बसवू लागली. वडिलांनी, मी सुचवले नसतानाही, तिला स्वतःच्या शाळेतील गोष्टी सांगायला सुरुवात केली, विशेषतः ते स्वतः कधी अडखळले त्या गोष्टी.

सगळे सुरळीत झाले नाही. आईला दहा आकडे फार मोठे वाटत आणि ती बहुधा चारावर थांबे. एकदा पाहुण्यांसमोर मुलीला काहीतरी म्हणून दाखवायला सांगितले गेले, ती खोलीत निघून गेली आणि घरात दोन दिवस अबोला राहिला. आजोबांना मी बदलण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांच्याजवळ बसून ती सर्वांत जास्त बोलत असे, कारण तेथे बोलण्याची सक्ती नव्हती. त्यांना फक्त एवढेच विनवले की ‘शांत आहे म्हणून शहाणी’ ऐवजी तिने काय सांगितले त्याचे कौतुक करावे. ते त्यांनी कधी केले, कधी केले नाही.

पाचव्या महिन्यातील भेट शेवटची होती. वर्गातील तिचे बोलणे वाढले होते, पण ती बडबडी झाली नव्हती, आणि होणारही नव्हती. नवे वर्ष सुरू होताच वर्ग आणि शिक्षिका बदलतील, तेव्हा पहिले काही आठवडे ती पुन्हा गप्प होईल आणि ती अधोगती समजू नये, असे मी पालकांना सांगत होते. आई म्हणाली की ती आधीच नव्या बाईंना भेटून सगळे समजावून सांगेल. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “तू नको. मी चिठ्ठी देईन.” वडील काही बोलणार होते, पण थांबले. तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढला, हाताने झाकून लिहिले आणि घडी घालण्याआधी मला दाखवले: ‘बाई, मला प्रश्न आदल्या दिवशी सांगाल का? मग मी उत्तर देईन.’