नायिका घर सोडते तेव्हा : कथालेखकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या कथेचा काळ १९३८, स्थळ पुण्यातलं ब्राह्मण घर. दुसरं लग्न करायचं म्हणून नवरा नायिकेला घटस्फोट देतो आणि ती मोकळी होते. ‘हे घडणं शक्य नाही’ म्हणून कथा परत आली. चुकलं काय?

उत्तर : चूक तपशिलाची दिसते, पण ती कथेच्या मुळाशी आहे. त्या काळी ब्रिटिश मुलखात अशा घरातल्या विधिपूर्वक लग्नाला घटस्फोट नव्हताच. अनेक जातींत रूढीने काडीमोड होई, पंच बसत, बाईला पाट (दुसरं लग्न) लावता येई. ब्राह्मण घरात ती वाट बंद होती. बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला, मुंबई प्रांतात १९४७ साली.

शिवाय तुमच्या नवऱ्याला घटस्फोट हवाच कशाला? मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी आली १९४६ साली. त्याआधी तो सरळ दुसरी करी आणि पहिली ‘टाकलेली’ म्हणवून घेत त्याच्याच नावाचं कुंकू लावी. मोकळा तो होतो, ती होत नाही. आमच्या मते तुमची कथा इथे आहे.

ती आपण होऊन निघाली तर तो नांदायला येण्याचा दावा लावू शकतो. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना कोर्टाचा १८८७ साली हाच हुकूम झाला होता : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ही कैद १९२३ साली रद्द झाली, मालमत्तेची जप्ती मात्र राहिली. तेव्हा १९३८ च्या कथेत या कारणासाठी नायिकेला तुरुंगात घालू नका.

पोटगी तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खाली, महिना जास्तीत जास्त शंभर रुपये. खोच अशी, की ‘घरी ये, सांभाळतो’ असं नवरा कोर्टात म्हणाला, की न जाण्याचं सबळ कारण बाईने दाखवायचं. त्याने दुसरी केली, एवढं कारण पुरेसं आहे हे कायद्यात लिहिलं गेलं १९४९ साली. म्हणजे तुमच्या नायिकेला मारहाण, छळ शाबीत करावा लागणार. साक्षीला कोण येईल? शेजारीण? मोलकरीण? तो प्रसंग जरूर लिहा. दागिने स्त्रीधन म्हणून कायद्याने तिचेच, पण कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. पहाटे निघताना गाडीभाडं कुठून आणलं, हे दोन ओळींत तरी येऊ द्या. आत्ता ते कुठेच नाही, म्हणून तिचं जाणं खरं वाटत नाही.

प्रश्न : १९५० चं मडगाव. नवरा बायकोला न कळवता घर विकतो. चालेल?

उत्तर : चालणार नाही. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक, आणि स्थावर विकायला बायकोची संमती लागे. मग तो सही मिळवतो कशी? गोड बोलून, धमकावून, की कागद वाचू न देता? तिच्या हातात लेखणी आहे तोवर कथा ताणून धरा.

प्रश्न : आजच्या कथेत परस्परसंमतीने पंधरा दिवसांत घटस्फोट दाखवला आहे.

उत्तर : हिंदू विवाह कायद्यात ही सोय १९७६ पासून आहे. आधी वर्षभर वेगळं राहणं, मग अर्ज, त्यानंतर सहा महिने थांबून दुसरी हजेरी. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, पण आपोआप नाही. तसा अर्ज द्यावा लागतो. आणि हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. तुमच्या कथेतली सासू जी बोलणी लावते आहे, ती याच सहा महिन्यांत घाला.