शेतातल्या घरासाठी बोअर की विहीर?

प्रश्न (हिंगणा तालुका): शेतातच दोन खोल्या बांधून राहतो. घरात चार माणसं, गोठ्यात दोन गाई. रिगवाला तीनशे फूट बोअर मारू म्हणतो. मारावी का?

उत्तर: भाऊ, आधी गरज मोजा. माणशी 55 लिटर आणि गाईला साठेक लिटर धरलं तरी दिवसाला चारशे लिटरच्या वर जात नाही. तासाला पाचशे लिटर देणारी बोअर एवढ्याला पुरून उरते. रिगवाल्याचं बिल फुटावर असतं, तो खोल जा म्हणणारच.

हिंगण्याकडे काळा पाषाण आहे. त्यात पाणी मिळतं ते मुरमात, फुटलेल्या खडकात आणि दोन थरांमधल्या फटींत. सलग पाषाण कोरडाच असतो. म्हणून पाणाड्याच्या नारळापेक्षा शेजारच्या विहिरी बघा. मे महिन्यात त्यांच्यात पाणी राहत असेल, तर मी विहीरच खोदा म्हणेन. दहा फूट व्यासाच्या विहिरीत दर मीटर उभ्या पाण्यामागे सात हजार लिटर साठा असतो. कठडा आणि वर झाकण मात्र हवंच.

त्या विहिरी आटत असतील तर बोअर मारा, पण कामावर स्वतः उभे राहा. मुरूम संपून पक्क्या खडकात केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाशी माती अडवायला घालतात तो पाइप, फूटभर रुतलं पाहिजे. इथे एखादा पाइप वाचवला की पावसाळ्यात नळाला लाल गढूळ पाणी येतं, वरची माती ढासळून मोटार अडकते ती वेगळीच. केसिंग जमिनीच्या वर दीड फूट ठेवा. त्याच्याभोवतीची पोकळी वरच्या दहा फुटांत सिमेंटने बुजवा आणि बाहेर उतार देऊन ओटा बांधा. शोषखड्डा आणि शेणखताचा उकिरडा किमान पन्नास फूट लांब हवा. ‘दोन इंची पाणी लागलं’ यावर पैसे मोजू नका. दोन-तीन तास उपसा चालू ठेवून मग दोनशे लिटरचा ड्रम लावा. तो वीस मिनिटांत भरला तर तासाला सहाशे लिटर झाले, काम फत्ते.

खोदण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही.

प्रश्न (कुही तालुका): बोअरचं पाणी आरशासारखं स्वच्छ आहे, तरी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडले. पाणी उकळून देऊ का?

उत्तर: उकळू नका. डाग फ्लोराइडचे असू शकतात आणि उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. तुमच्याकडच्या ग्रॅनाइटसारख्या खडकात ते असतं, खोल बोअरमध्ये जास्त. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर आलं तर ते पाणी धुण्याला आणि जनावरांच्या गोठ्याच्या साफसफाईला वापरा. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी नळयोजनेचं किंवा तपासलेल्या उथळ विहिरीचं घ्या.